तुटक रेघ

देवगाव रंगारीचे बद्रीनाथ तुपे पोलीस अॅक्शनच्या वर्षी, १९४८ला, जन्मले आणि त्यांनी जन्मभर एकच काम केलं: दुसऱ्यांनी जमिनीतून उकरून काढलेल्या वस्तूंची चित्रं काढली. औरंगाबादच्या उत्खनन संस्थेत छत्तीस वर्षं ते आरेखक होते. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, इतक्या सरळ हाताचा माणूस पाहिला नाही असं साहेबांनी भाषणात सांगितलं, आणि त्यानंतर तीन वर्षं संस्थेतल्या कुत्र्यानंही त्यांची विचारपूस केली नाही. म्हणून २००९च्या फेब्रुवारीत संस्थेच्या संशोधक डॉ. वसुधा दांडगे यांचा फोन आला तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"सर, एकदा येऊन जाता का? पाचोडच्या थडग्यातल्या वस्तू आम्ही पुन्हा तपासायला घेतल्यात. त्या खोदकामावरचं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही," बाई म्हणाल्या. आवाज लेकीसारखा गोड होता. बद्रीनाथांना या हाकेची अडतीस वर्षं धास्ती होती, आणि ती इतक्या आदरानं येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्रांती चौकात रिक्षा सोडून ते पायीच संस्थेत गेले. लांबलचक टेबलावर पांढरं कापड अंथरून सगळा ऐवज मांडला होता. लोखंडी लगाम, घोड्याच्या गळ्यातल्या तांब्याच्या घंटा, काळ्या-तांबड्या वाडग्यांची खापरं आणि नखाएवढी, पातळ, सोन्याची सहा पानं. अडीच हजार वर्षांपूर्वीची कुणी श्रीमंत बाई ही पानं गळ्यात घालून पाचोडच्या माळावर दगडांच्या रिंगणात झोपली होती. तिच्याशेजारी एक लेकरू होतं. टेबलाच्या टोकाला, बाकीच्यांपासून वेगळा, चांदीचा एक लहानसा वाळा ठेवला होता. तो म्हणजे संस्थेची शान. दालनाच्या दारावर त्याचाच फोटो होता आणि खाली लिहिलं होतं: राजकन्येचा वाळा.

"दिल्लीच्या प्रदर्शनाला न्यायचा म्हणून यंत्राखाली घातला," दांडगेबाई म्हणाल्या. "सांध्याच्या झाळेत कॅडमियम निघालं, सर. तो धातू माणसाला सापडूनच दोनशे वर्षं झाली नाहीत. हा वाळा कुणीतरी आपल्या काळात त्या थडग्यात घातलाय."

बद्रीनाथ वाळ्याकडे बघत राहिले. बाईंनी मग दोन कागद त्यांच्यापुढे सरकवले. दोन्ही त्यांच्याच हातचे. एक आलेख-कागदावरचं पेन्सिलचं मूळ चित्र, खोदकामाच्या खड्ड्याशी बसून काढलेलं. दुसरं शाईचं, छापायला दिलेलं. दोन्हींत त्या बाईच्या गळ्याभोवती सोन्याची पानं होती. शाईच्या चित्रात सात. पेन्सिलच्या चित्रात सहा, आणि हनुवटीखालचं सातवं तुटक रेघेनं.

आरेखकाच्या धंद्यातला हा पहिला धडा असतो. डोळ्यांनी दिसलं ते सलग रेघेनं काढायचं, नुसता अंदाज असेल ते तुटक रेघेनं. पोरंसोरंही पहिल्या आठवड्यात शिकतात.

"सातवं पान तुम्ही प्रत्यक्ष बघितलं होतं का, सर?"

"अडतीस वर्षं झाली, बाई. आता काय आठवणार," बद्रीनाथ म्हणाले, आणि चहा न घेताच उठले.

आठवत नव्हतं! त्यांना त्या दिवशी डब्यात कोणती भाजी होती तेही आठवत होतं.

१९७१चा जानेवारी. पाचोडच्या शिवारात धनगर लोक ज्याला गवळणीचं रिंगण म्हणत, तिथं संस्थेनं खोदकाम काढलं. तेव्हाचे प्रमुख आप्पासाहेब, मोठे विद्वान आणि महा तापट. रिंगण त्यांना दाखवलं ते केरबा नावाच्या धनगरानं. त्याची मेंढरं तिथंच चरायची. म्हणून आप्पासाहेबांनी त्यालाच राखणदार नेमला. केरबा उंच, हडकुळा, बोलायला कमी. कामावरच्या मजुरांत तो एकटाच असा होता, की जो खड्ड्यात उतरताना पायताण काढायचा.

बाईच्या शेजारी लेकराचा सांगाडा निघाला त्या दुपारी बद्रीनाथ आणि केरबा खड्ड्याच्या काठावर भाकरी खात बसले होते. डब्यात मेथी होती. केरबा खाली बघत म्हणाला, "नकाशासाहेब, आईच्या गळ्यात एवढं सोनं, अन् लेकराचे पाय मोकळेच ठिवले. काहून असंल?"

"लेकरू मागून मेलं असेल. तेवढ्यात सोनं संपलं असेल," बद्रीनाथ म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. बावीस-तेवीस वर्षांचं वय, सगळ्या गोष्टींचं हसू येण्याचं. केरबा हसला नाही. त्याची दीड वर्षाची पोरगी आदल्या पावसाळ्यात जुलाबानं गेली होती, हे बद्रीनाथांना माहीत होतं. माहीत असूनही ते हसले.

लेकराची हाडं इतकी ठिसूळ होती, की मातीसकट आख्खं ढेकूळ प्लास्टरमध्ये बांधून उचलायचं ठरलं. प्लास्टर कालवायला केरबा आपणहून पुढं झाला. ते ढेकूळ पुढं वीस-पंचवीस वर्षं तसंच पेटीत पडून राहिलं. नव्वदच्या दशकात कुणीतरी ते फोडलं, आणि आत पायाच्या हाडाशी काळा पडलेला वाळा निघाला. राजकन्या जन्माला आली ती तेव्हा.

पण पानांचं काय झालं ते आधीचं. आप्पासाहेबांनी खड्ड्यात वाकून सहा पानं पाहिली आणि म्हणाले, "दोन्हीकडे तीन-तीन. म्हणजे मधलं हनुवटीखाली असणारच. तुपे, दाखवा ते." बद्रीनाथांनी दाखवलं, तुटक रेघेनं, रीतीप्रमाणे. रविवारी संस्थेत बसून त्यांनी चित्र शाईत उतरवलं. सहा पानं सुबक झाली. सातव्याची तुटक रेघ मध्येच भिकाऱ्यासारखी दिसू लागली. आप्पासाहेब तर म्हणालेत असणारच. मग कशाला कुरूप ठेवायचं? त्यांनी रेघ जोडून टाकली. पेन एकदा फिरवायला लागतो तेवढाच वेळ लागला.

सोमवारी हनुवटीचं हाड उचललं. खाली माती होती. पानं सहाच निघाली. आप्पासाहेबांनी शाईचं चित्र समोर धरलं, बोटानं सात मोजली, आणि त्यांचा आवाज माळाच्या पलीकडे गेला. शनिवार-रविवार राखणीला कोण होतं? केरबा.

बद्रीनाथ तेव्हाच बोलले असते तर शिव्या खाल्ल्या असत्या, फार तर नोकरी गेली असती. नोकरीला दहा महिने झाले होते, लग्न ठरलं होतं. आज संध्याकाळी साहेब शांत झाले की सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी ठरवलं की उद्या. आप्पासाहेबांना पोलीस नको होते, वर्तमानपत्रात बोभाटा झाला असता. गावकरी म्हणाले, आमच्या बिरोबापुढं निवाडा करू. आप्पासाहेबांना तेही चाललं.

त्या देवळातली शपथेची एक रीत होती. मुठीत भंडारा उचलायचा आणि म्हणायचं, या जागेतलं मी काही काढलं नाही, या जागेत मी काही घातलं नाही. काढणारा चोर आणि गुपचूप पुरून ठेवणारा करणीवाला, दोघांनाही एकाच शपथेत धरायचं अशी तिथली पद्धत. बापजाद्यांपासून शब्द ठरलेले, त्यात कमीजास्त करायची मुभा नाही.

देवळाच्या पायरीशी बद्रीनाथ उभे होते. केरबा भंडाऱ्याच्या परातीपुढं बसला. हात पुढं केला. "काढलं नाय," एवढं खड्या आवाजात म्हणाला आणि थांबला. सगळे वाट बघत होते. त्यानं परातीकडे बघितलं, देवाकडे बघितलं, आणि हात मागं घेतला. मूठ रिकामीच राहिली.

मग गलका झाला. आणि त्या गलक्यात केरबाची बायको बानाबाई उठली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "माझ्या मेल्या लेकराचा वाळा गाठोड्यातून गेला तवाबी ह्यो असाच गप ऱ्हायला व्हता. जो लेकराचं नेतो त्यो कुणाचंबी नेईल!"

यानंतर सांगण्यासारखं काय राहतं? भावांनी मेंढरं वाटून घेतली. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा गावच्या खडी फोडायच्या कामावरही सोनचोराला कुणी घेईना. तो जायकवाडीच्या कालव्यावर गेला आणि तिथंच एका पावसाळ्यात दरड अंगावर येऊन मेला. बानाबाई माहेरी भावाकडं राहिली आणि पाचोडच्या बाजारात घोंगडी विकू लागली. बद्रीनाथांचं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं.

हे सगळं आठवत चार दिवस काढल्यावर बद्रीनाथांनी दांडगेबाईंना फोन केला. "सातवं पान मी पाहिलं नव्हतं. रेघ मी जोडली," एवढंच बोलले. पलीकडं बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "वाळ्याबद्दलही काही माहिती असेल ना, सर?" बद्रीनाथांनी केरबाचं नाव सांगितलं. देवळातलं सगळं सांगितलं. स्वतःचं पायरीशी उभं राहणं तेवढं गाळलं.

त्यांना वाटलं होतं, बोललं की मोकळं वाटेल. तसलं काही झालं नाही. म्हणून रविवारी, पाचोडच्या बाजाराच्या दिवशी, वाळ्याचा फोटो खिशात घालून ते एसटीत बसले. मनाशी वाक्य पाठ करत गेले: बानाबाई, तुमच्या नवऱ्यानं चोरी केली नव्हती, चूक माझी होती.

बानाबाई बाजाराच्या कडेला लोकरीची घोंगडी घेऊन बसली होती. सत्तरी गाठलेली, पण पाठ ताठ. बद्रीनाथांनी ओळख सांगितली, संस्थेतून आलो म्हटलं. तिनं घोंगडीवर हात मारून जागा केली. त्यांनी फोटो पुढं केला. म्हातारीनं तो लांब धरला, जवळ धरला, आणि तिचं तोंड हळूहळू वाकडं झालं.

"माझ्या काशीचा हाये," ती म्हणाली. "एक तिच्या पायात ठिवून मातीत दिला. दुसरा म्या ठिवून घेतला व्हता. आतल्या अंगाला दगडानं घासल्यालं असंल बघा. सोनारानं झाळ जाड लावली व्हती, लेकराला टोचायची. म्या घासली." मग एकदम आवाज बदलून म्हणाली, "इकला व्हता ना त्यानं? कुठं घावला?"

"विकला नव्हता. थडग्यात निघाला. त्या दुसऱ्या लेकराच्या पायात."

बाजार चालू होता. समोर कुणी मिरच्या तोलत होता. बानाबाईला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ती रडली नाही. तिनं घोंगडीची दशी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"म्हंजी म्हनून उचलला नाय भंडारा. घातलं नाय, असं कसं म्हनंल? घातलं व्हतं ना." ती थांबली. "मला सांगायचं तरी. मला काहून नाय सांगितलं?"

याचं उत्तर बद्रीनाथांकडं खरं तर होतं. केरबाच्या घरात त्या पोरीचं नाव काढलं की बानाबाई दोन-दोन दिवस जेवायची नाही, हे तो एकदा बोलला होता. पण आता ते सांगणं म्हणजे म्हातारीच्या जखमेवर मीठ चोळणं झालं असतं. ते गप्प बसले. गप्प बसण्याचा त्यांना चांगला सराव होता.

"अन् सोनं? सोन्याचं काय झालं मंग?"

हीच वेळ होती. वाक्य तोंडात होतं. "सोन्याची पानं सहाच होती," बद्रीनाथ म्हणाले. "हिशेबात चूक झाली होती. आता नव्या तपासणीत निघालं."

"कुनाची चूक?"

"कचेरीची," ते म्हणाले.

बानाबाईनं मान हलवली. कचेरीच्या चुकीला गरीब माणूस कुणाचं नाव विचारतो? तिनं उठून त्यांच्यासाठी चहा आणवला, पैसे देऊ दिले नाहीत. "लई उपकार झाले, भाऊ. एवढ्या लांब सांगाया आले. तुमच्यासारखी मानसं हायेत म्हनून चाललंय," म्हणाली. बद्रीनाथांनी तो चहा पूर्ण प्याला. आयुष्यात इतका कडू चहा आपण प्यालो नाही, असं त्यांना परतीच्या एसटीत वाटलं, आणि स्वतःचीच किळस आली.

आठ दिवसांनी दांडगेबाईंनी बानाबाईला औरंगाबादला बोलावलं, आणि बद्रीनाथांनाही. संस्थेचे आताचे संचालक शहाणे गृहस्थ होते. शहाणे म्हणजे कुणाच्याही अध्यातमध्यात न पडणारे. त्यांनी अहवालात आधीच लिहून टाकलं होतं: वाळा उत्तरकालीन, स्रोत अज्ञात, सातवं पान ही आरेखनातील तांत्रिक त्रुटी. दांडगेबाईंनी केरबाचं नाव घालावं म्हणून दोनदा टिपण दिलं आणि दोनदा ते खोडून परत आलं.

बानाबाई नवं लुगडं नेसून आली होती. बाईंनी वाळा तिच्या हातावर ठेवला. तिनं आतल्या बाजूनं अंगठा फिरवला आणि घासलेल्या जागेवर थांबवला. बाई म्हणाल्या, "ती घासल्याची खूण आम्हांला उलगडत नव्हती. आज उलगडली."

"मंग नेऊ ह्यो?"

संचालकांनी चष्मा पुसला. "आजी, नोंदवहीत चढलेली वस्तू अशी काढता येत नाही. दावा सिद्ध व्हायला हवा. त्या वेळच्या खोदकामावरच्या कुणी शपथपत्र दिलं, की त्या राखणदारावरच्या चोरीची नोंद चुकीची होती आणि वाळा त्यानंच ठेवला असणार, तर वर पाठवून बघू."

"चूक कशी झाली ते तरी दावा मला," बानाबाई म्हणाली. "मला अक्षर येत न्हाय, पर चित्र कळतं."

दांडगेबाई बिचाऱ्या सरळ. बद्रीनाथांनी म्हातारीला सगळं सांगितलंच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी दोन्ही कागद मांडले आणि समजावलं, ही तुटक रेघ म्हणजे नुसता अंदाज, ही सलग म्हणजे डोळ्यांनी बघितलेलं. शाईत उतरवताना तुटकीची सलग झाली, म्हणून सहाची सात झाली, आणि सातवं शोधत लोक केरबांपाशी आले. बानाबाईनं बोट तुटक रेघेवर ठेवलं, मग सलग रेघेवर.

"एवढंच?" ती म्हणाली. "कुनी काढलं ह्ये?"

बाईंनी चमकून बद्रीनाथांकडं पाहिलं. आता कचेरी म्हणून भागणार नव्हतं.

"मी," बद्रीनाथ म्हणाले.

"तुमी." म्हातारीनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पायरीजवळ इस्त्रीचा सदरा घालून एक पोरगं उभं व्हतं. हातात कागदाची नळी. ते तुमीच का?"

"मीच."

"तुमाला ठावं व्हतं तवा?"

"होतं." एवढा एक शब्द उच्चारायला त्यांना अडतीस वर्षं लागली होती, आणि उच्चारल्यावर तो अगदीच लहान निघाला. ते घाईनं पुढं म्हणाले, "मी देतो शपथपत्र. आजच देतो. कोर्टात जाऊन, देवाची शपथ घेऊन लिहून देतो, की केरबानं काही काढलं नाही. मग तुमचा वाळा तुम्हांला मिळेल."

बानाबाईनं वाळा टेबलावर ठेवला. सोन्याच्या पानांकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

"ते लेकरू कुठं हाये?" तिनं दांडगेबाईंना विचारलं.

"हाडं आत भांडारात आहेत, पेटीत."

"मंग ह्यो त्याच्यापाशी ठिवा, माय. त्यानं ज्याला दिला त्याचाच हाये. मला कागद नगं."

संचालक म्हणाले, पेटीत उत्तरकालीन वस्तू ठेवता येणार नाही, वर्गवारी वेगळी आहे. त्यांच्याकडं कुणीच लक्ष दिलं नाही. म्हातारीनं पदर सावरला, पिशवी उचलली. बद्रीनाथ दार अडवल्यासारखे उभे होते. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी.

"एकदा माफ केलं म्हणा, बानाबाई."

"माफ करनारी मी कोन?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "शपथ आता घेता व्हय, भाऊ? परात तवा व्हती समोर. भंडारा बी व्हता. म्या तोंड उघडलं अन् तुमी मिटलं, अन् दोघांनी मिळून मारला त्याला."

ती त्यांच्या बाजूनं वळसा घालून निघून गेली. बद्रीनाथ तिथंच उभे राहिले. थोड्या वेळानं शिपाई आला आणि म्हणाला, दालन बंद करायची वेळ झाली.